पाकळीची घडी

एका राज्यात एक राणी होती आणि तिला कागदाचं वेड होतं. राण्यांना वेड असावं ते हिऱ्यामोत्यांचं, नाहीतर सवतींच्या चहाड्यांचं. चित्ररेखा राणीला यातलं काहीच नव्हतं. तिच्या महालात हातकागदाचे गठ्ठे, खळीची वाडगी, दाभणं, रंगीत दोरे आणि कात्रणं यांचा असा पसारा असे, की खुद्द राजा शूरदत्त उंबऱ्यात थांबून विचारी, "राणी, पाऊल कुठे ठेवू?"

राणी घडीपत्रं करी. जाड कागद दुमडायचा, आत नाजूक कातरकाम चिकटवायचं, की पत्र उघडताच आतून कागदाचं कमळ उभं राहावं नाहीतर मोरानं पिसारा फुलवावा. कधी चार पानं दुमडून, मधोमध दोरा ओवून, ती तळहाताएवढी चोपडी शिवी. त्या राज्यात कुणाचं बारसं असो की कुणाचं लग्न, राणीचं घडीपत्र पोचल्याशिवाय सनईवाला सनई हातात घेत नसे.

आणि घडी घालावी, तर तिनंच. दुमडलेल्या कडेवरून ती अंगठ्याचं नख असं दाबून फिरवी, की कागदानं समजावं आपण जन्मलोच दुमडलेले. "आमच्या राणीची घडी मोडत नाही," असं लोक म्हणत. लोक कौतुकानंच म्हणत, बिचाऱ्यांच्या मनात दुसरं काही नव्हतं.

राणीला एकच लेक होती, पाकळी. तीही आईशेजारी फतकल मारून बसे आणि कागद दुमडी. तिच्या घड्या वाकड्या, सैल, कुठल्या कुठे गेलेल्या.

"नख फिरव गं," राणी म्हणे. "घडी बसली नाही तुझी."

"नको आई. दाबलं की त्याला दुखतं. असंच ठेवलं ना, की ते आपलं आपण उघडतं."

आणि खरंच, पाकळीनं केलेलं घडीपत्र चौरंगावर ठेवलं की घटकाभरात हळूहळू आ वासत असे. राणी हसे, ते उचले आणि लेकीची नजर चुकवून त्यावर नख फिरवून ठेवी. घडी सैल राहिलेली तिला बघवतच नसे.

पाकळीचा वाढदिवस जवळ आला. तिच्यासाठी हिरवा परकर शिवून आला आणि वाळ्याच्या जुडीसोबत पेटीत घडी घालून ठेवला गेला. वाढदिवसाच्या सकाळी आईनं नव्या कपड्याची घडी मोडायची आणि लेकरानं तो अंगाला लावायचा, अशी तिथली रीत. राणीनं एक घडीपत्रही करायला घेतलं होतं. आत आठ पदरांचं कमळ होतं. ते तिनं पाकळीला दाखवलं नव्हतं. पोर रोज विचारी, आणि आई रोज "थांब" म्हणे.

वाढदिवसाआधी पाकळीला ताप आला. तो उतरला नाही. राजवैद्य आले, त्यांनी नाडी धरली आणि ते राजाकडे न बघता बाहेर गेले. बाप समजायचं ते समजला. आई समजली नाही, किंवा समजून घेईना. तिनं बंद मुठीच्या डोंगरावरून वज्रमुष्टी मांत्रिकाला बोलावणं धाडलं.

मांत्रिक आला. म्हातारा, उंच, उजवी मूठ छातीशी घट्ट मिटलेली. ती मूठ उघडलेली कुणी पाहिली नव्हती. त्यानं मुलीकडे पाहिलं आणि म्हणाला, "तिची शेवटची घडी चालू आहे. मी औषध जाणत नाही."

तेवढ्यात पाकळीनं डोळे उघडले. "आई, पाणी."

"थांब, बाळ," राणी म्हणाली आणि तिनं मांत्रिकाचे पाय धरले.

"आई, माझा हिरवा परकर."

"थांब गं. मांत्रिकबुवा, काहीतरी करा."

"आई, तू केलंस ते दाखव ना. उघडून दाखव."

"थांब!" राणी ओरडली. लेकीवर ती कधी ओरडली नव्हती. मग ती मांत्रिकाला म्हणाली, "ही घडी सरू देऊ नका. एवढंच मागते. ही घडी अशीच राहू दे, ती मोडू नये."

"नीट विचार करून बोल," मांत्रिक म्हणाला. "घडी मोडू नये, असं म्हणालीस?"

"हो. मोडू नये."

"मग कागद दे."

राणीच्या हाताशी कमळाचं घडीपत्र होतं. तेच तिनं दिलं. मांत्रिकानं ते पलंगावर उघडं ठेवलं आणि मंत्र म्हटला. पाकळी कागदासारखी पातळ झाली. मग ती गुडघ्यांत दुमडली, कमरेत दुमडली, मानेत दुमडली आणि कमळाच्या मधोमध जाऊन बसली. पत्राची दोन्ही पानं एकमेकांकडे झुकली.

"शेवटची घडी तुझ्या हातची," मांत्रिक म्हणाला. राणीनं दुमडलेल्या कडेवर अंगठा ठेवला आणि जन्मात फिरवलं नव्हतं इतक्या जोरानं नख फिरवलं. ताप नाही, कण्हणं नाही, काही नाही. राजा शूरदत्त भिंतीशी उभा होता.

राणीनं घडीपत्र चोळीत छातीशी ठेवलं आणि तिला झोप लागली. लेक गेली नव्हती, इथेच होती, तिच्या श्वासाला लागून. खरं सांगायचं तर त्या दिवशी राणी सुखी होती.

दुसऱ्या सकाळी तळ्यातली कमळं उमलली नाहीत.

मग एकेक कळत गेलं. पाखरांचे पंख उघडेनात. घारी कोंबड्यांसारख्या रस्त्यानं चालू लागल्या आणि कोंबड्या त्यांना वाट देईनाशा झाल्या. दरबारात एका सरदाराचं पागोटं सुटेना आणि दुसऱ्याची छत्री उघडेना, तेव्हा लोक हसलेही. पेरलेलं बी जमिनीत तसंच मिटून पडलं, तेव्हा हसणं थांबलं. तान्ह्या मुलांच्या मुठी सुटेनात. राज्याची घडी विस्कटली, असं आपण वाईट दिवस आले की म्हणतो. इथे उलटंच झालं होतं. घडी इतकी पक्की बसली होती की राज्याला श्वास घेता येईना.

शेवटी म्हातारी सुईण महालात आली आणि राणीपुढे बसकण मारून रडू लागली. "राणीसाहेब, कुंभारवाड्यातली कावेरी अडली आहे. कळा येतात, जातात. बाळ आत जिवंत आहे, पण तिची सुटका होत नाही. अशा कितीतरी आहेत. मी काय करू?"

राणीनं पदर छातीवर ओढून घेतला आणि मान खाली घातली.

सुईण गेल्यावर राजा आला. पसारा आवरलेला होता, तरी तो उंबऱ्यातच थांबला. "राणी," तो म्हणाला, "मी राजा म्हणून आलो आहे. ती घडी उघड."

"आणि बाप म्हणून?"

"बाप म्हणून आलो असतो तर मला बोलताच आलं नसतं."

राणी रात्रभर बसून राहिली आणि उजाडताच बंद मुठीच्या डोंगराकडे निघाली. घडी उघडायची तर मांत्रिकाकडूनच उघडून घेऊ, आणि त्यानं आधी पोरीला बरं करावं, असा तिनं मनाशी हिशेब मांडला होता. आईचे हिशेब असेच असतात, त्यांत वजाबाकी नसते.

गावाबाहेरच्या खडकाळ माळावर तिच्या पायाशी आवाज झाला. "बाई, हळू. माझी अंडी आहेत."

एक टिटवी पंख मिटून खड्यांत बसली होती. तिच्या पोटाखाली ठिपक्याठिपक्यांची तीन अंडी होती.

"ऊन चढतंय," टिटवी म्हणाली. "मला पंख पसरता येत नाहीत, सावली धरता येत नाही. पिल्लं आतून चोच मारतात. ऐक."

राणीनं कान लावला. टक, टक. आत कुणीतरी दार वाजवत होतं.

"कवच उघडत नाही," टिटवी म्हणाली. "कुणीतरी कुठेतरी नख फिरवलंय, असं म्हणतात. तुला ठाऊक आहे?"

राणीनं अंगठा मुठीत लपवला. मग तिनं तिन्ही अंडी उचलून आपल्या पदराच्या ओटीत घेतली. "चल माझ्याबरोबर," ती म्हणाली. टिटवी तुरुतुरु पुढे चालू लागली. ओटीत टक टक चालूच होती आणि छातीशी घडीपत्र गप्प होतं.

डोंगराच्या गुहेत मांत्रिक बसला होता, मूठ छातीशी धरून.

"लेक बरी करून परत द्या," राणी म्हणाली.

"मी मरण दुमडलं नव्हतं, राणी. घडी दुमडली. तिच्यात जेवढं होतं तेवढंच आत आहे. एक थेंब जास्त नाही, एक थेंब कमी नाही."

"मग राज्य का मिटलं?"

"एक घडी थांबवली की तिला लागून असलेल्या सगळ्याच थांबतात. तुला वाटलं, तुझी घडी एकटी असते?"

राणीनं विचारलं, "उघडायची तर कशी?"

"तीन गोष्टी लागतील. जिला कधी घडी पडली नाही अशी एक. जिची घडी कधी मोडली नाही अशी दुसरी. आणि जिची घडी तुझ्या हातानं मोडवत नाही, अशी तिसरी. पहिली या डोंगरामागे आहे. दुसरी तुझ्या घरी. तिसरी मी सांगायला नको."

निघताना राणीनं विचारलं, "तुमच्या मुठीत काय आहे?"

म्हाताऱ्यानं मुठीकडे पाहिलं. "मी लहान असताना आईनं मला हाक मारली होती. शेवटची. ती मी धरून ठेवली. ओ दिली असती तर संपली असती." एवढं बोलून त्यानं तोंड फिरवलं.

डोंगरामागे आरसेतळं होतं. त्याच्या पाण्यावर कधी लाट उठली नव्हती, तरंग उठला नव्हता, वाराही त्याच्या काठावर येऊन थांबत असे. काठाशी पांढरा नाग वेटोळं घालून बसला होता.

"पाणी ने," नाग म्हणाला, "पण पाण्याला सुरकुती पडली, तर तुझंही पाणी होईल. तुझ्याआधी आलेले सगळे याच तळ्यात आहेत."

राणी काठावर बसली. वाटेसाठी घेतलेलं फुलपात्र बुडवावं तर तरंग उठणार, ओंजळ घालावी तरी उठणार. टिटवी म्हणाली, "चल परत." राणी उठली नाही. तिचा हात सवयीनं कमरेच्या पिशवीकडे गेला. कागदवेड्या माणसाच्या पिशवीत कागद असतोच. आणि तिला आठवलं, की ज्या कागदाला खळ दिलेली नसते तो पाणी पितो. एकदा पाकळीनं असा कागद ओल्या फरशीवर ठेवला होता आणि पाणी त्याच्यातून वर चढताना पाहून टाळ्या पिटल्या होत्या.

तिनं बिनखळीच्या कागदाची लांब पट्टी फाडली आणि ती मधोमध दुमडली. एक टोक पाण्याच्या कडेला अलगद टेकवलं, दुसरं काठाखालच्या खोलगट जागेत फुलपात्रावर सोडलं. पाणी कागदाच्या अंगातून चढलं, घडीवरून वळलं, पलीकडे उतरलं आणि थेंब थेंब टपकू लागलं. तळं आरशासारखंच राहिलं. ऊन माथ्यावर येईतो फुलपात्र भरलं.

"घडी कागदाला पडली, पाण्याला नाही," नाग म्हणाला. "जा, बाई."

राणी घराकडे वळली. माळ ओलांडताना टिटवी म्हणाली, "तिसरी गोष्ट कोणती, ते मला कळलंय. तुझ्या उराशी आहे ती."

"तुझी पिल्लं बाहेर यावीत म्हणून बोलतेस."

"हो," टिटवी म्हणाली. "दुसरं कशासाठी बोलू? मीही आईच आहे."

राणी वाटेतच खाली बसली आणि मोठ्यानं रडली. टिटवी तिच्याजवळ उभी राहिली. तिला पंख पसरून तिच्यावर सावली धरता आली नाही, म्हणून ती नुसती उन्हाच्या बाजूला उभी राहिली.

महालात राजा पाकळीच्या पलंगापाशी बसला होता. राणीनं फुलपात्र ठेवलं आणि म्हणाली, "महाराज, जिची घडी कधी मोडली नाही असं काही या घरात आहे."

राजा उठला. त्यानं पेटी उघडली, वाळ्याची जुडी बाजूला केली आणि हिरवा परकर दोन्ही हातांवर घेऊन आला.

राणीनं छातीशी धरलेलं घडीपत्र काढलं आणि पलंगावर ठेवलं. कडेवर तिच्या नखाची रेघ होती, सरळ, लखलखीत, सगळ्या राज्यानं वाखाणावी अशी. ती रेघ आता तिला बघवेना. तिनं हात पुढे केला आणि मागे घेतला. पुन्हा केला, पुन्हा घेतला. राजानं डोळे मिटले होते. खाली अंगणात सुईण कुणालातरी धीर देत होती.

ओटीत टक टक झाली. आधीपेक्षा हळू. मग एका अंड्यातली टक टक थांबली.

राणीनं बोट पाण्यात बुडवून एक थेंब घडीवर लावला. कागद थोडा सैलावला. मग ज्या नखानं घडी बसवली होती तेच नख तिनं कडेखाली घातलं आणि पत्र उघडलं.

कमळ उभं राहिलं. कमळातून पाकळी उलगडली, आधी मान, मग कंबर, मग गुडघे. पलंगावर तापलेली, दमलेली पोर पडली होती. तिनं डोळे उघडले.

"आई, पाणी," ती म्हणाली.

राणीनं फुलपात्र उचललं. तिला त्याच क्षणी सगळं कळलं. जगाच्या पाठीवर वणवण करून तिनं काय आणलं होतं, तर पोरीनं मागितलेलं घोटभर पाणी. मांत्रिकानं कोडं घातलंच नव्हतं. लेकीचं मागणं आईनं ऐकलं नव्हतं, ते त्यानं ऐकलं होतं.

तिनं पाकळीचं डोकं मांडीवर घेतलं आणि तिला पाणी पाजलं. पाकळी सगळं प्यायली. "गार आहे," ती म्हणाली. "आई, माझा हिरवा परकर."

राणीनं परकराची घडी मोडली. वाळ्याचा वास खोलीभर झाला. दोघांनी मिळून तो तिला नेसवला. राजाला नाडीची गाठ मारता येईना, तेव्हा पाकळी त्याला हसली.

"आता तू केलंस ते दाखव."

राणीनं उघडं घडीपत्र तिच्यापुढे धरलं. पाकळीनं कमळाच्या आठही पदरांवरून बोट फिरवलं. मग कडेवरची नखाची रेघ तिला दिसली.

"हे आपलं आपण उघडलं?"

"नाही बाळ. मी उघडलं."

"त्याला दुखलं नाही ना?"

"नाही," राणी म्हणाली. "त्याला नाही दुखलं."

पाकळीनं परकराची चूण मुठीत धरली आणि आईच्या मांडीवर डोकं नीट ठेवलं. ती घडी पुरी एक घडी होती, कुणी तिच्यातलं काही कमी केलं नाही. मग ती सरली. पाकळीची मूठ सुटली आणि परकराची चूण हळूच उलगडून पडली.

त्याच वेळी तळ्यातली कमळं उमलली. छपरांवर बसून राहिलेली सगळी पाखरं एकदम उडाली, त्यांच्या पंखांचा आवाज महालात आला. शेतात बियांनी मातीबाहेर दोन दोन पानं काढली. कुंभारवाड्याकडून तान्ह्या बाळाचं रडणं ऐकू आलं. राणीच्या ओटीत कवचं फुटली आणि तीन ओली पिल्लं बाहेर आली. गप्प झालेलं तिसरंही आलं. राणीच्या मागोमाग चालत आलेली टिटवी उंबऱ्यात बसली होती. तिनं पंख पसरले, पण ती उडाली नाही. राणीचं रडणं थांबेपर्यंत ती तिथेच बसून राहिली.

तिकडे डोंगरावर वज्रमुष्टीची मूठ उघडली. गुहेत एका बाईची हाक घुमली. म्हाताऱ्यानं लहान मुलासारखी "ओ" दिली, "आलो" म्हणाला आणि गुहेतून जो निघाला तो पुन्हा कुणाला दिसला नाही.

राज्याची घडी पुन्हा नीट बसली. पेरण्या झाल्या, लग्नं झाली, दरबारात पागोटी सुटू लागली आणि सरदार पूर्वीसारखे भांडू लागले. राणीनं मात्र कागदाला हात लावला नाही. राजा रोज तिच्या महालाशी येई आणि आत पसारा नाही हे पाहून उंबऱ्यातूनच परत जाई.

मग एक दिवस कावेरी कुंभारीण आपली मुलगी कडेवर घेऊन आली. "राणीसाहेब, हिचं बारसं तुमच्या घडीपत्रासाठी खोळंबलंय," ती म्हणाली. मुलीनं हात पुढे केला होता आणि तिची पाचही बोटं पसरलेली होती. राणी त्या बोटांकडे बघत राहिली. मग तिनं कागद मागवला, खळ शिजवायला सांगितली. संध्याकाळी राजा आला तेव्हा त्याला पुन्हा विचारावं लागलं, "राणी, पाऊल कुठे ठेवू?"

घडीपत्र झालं. शेवटची घडी आली. राणीनं कडेवर अंगठा टेकवला आणि नख न फिरवता उचलून घेतला.

तेव्हापासून त्या राज्यात घरोघरी घडीपत्रं करतात, पण शेवटच्या घडीवर कुणी नख फिरवत नाही. ती सैल सोडतात. चौरंगावर ठेवलं की घटकाभरात पत्र आपलं आपण उघडतं, आणि मग घरातलं कुणीतरी म्हणतं, "पाकळी आली." चित्ररेखा राणी होती तोवर, हे शब्द कानावर पडले की ती हातातलं काम ठेवून उठे आणि फुलपात्रात पाणी भरून आणी.